परडे, माटव आणि वायंगण : मालवण किनाऱ्यावरील एका समाईक भाजीमळ्याचा पहिला हंगाम आणि त्याची भाषा

भाजीपाल्याचा मळा हा भाषाशास्त्राच्या विभागाच्या पत्रिकेत यावा याचे वाचकांस आश्चर्य वाटणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखकासही आरंभी ते वाटले होते. मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत बोलीचे शब्द टिपावयाचे म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात जाणे झाले. त्याच वेळी वाडीतील नऊ घरांनी मिळून, कित्येक वर्षे पडीक राहिलेल्या एका समाईक परड्यात, भाजी करावयाचे ठरविले होते. शब्द टिपण्यासाठी गेलेला माणूस हातात पहार घेऊन उभा राहिला, आणि हंगामाच्या अखेरीस त्याच्या असे ध्यानी आले की, ज्या चुकीमुळे त्या मळ्याची पहिली पेरणी वाया गेली ती मुळात शेतीची चूक नसून अर्थविचारातील चूक होती. त्या चुकीचा उलगडा करणे हा या लेखाचा हेतू होय. तथापि मळा कसा उभा राहिला हे सांगितल्यावाचून ती चूक समजणार नाही.

प्रथम स्थळाविषयी. सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, हे येथील शेतीचे मूळ सूत्र आहे. जांभ्या दगडाची तांबडी माती पाणी धरून ठेवीत नाही. एवढ्या पावसात तिच्यातील क्षार धुऊन जातात व ती आम्ल होते. म्हणून चुलीतील राख आणि कुजलेला पालापाचोळा, ज्याला येथे पातेरो म्हणतात, ही दोन खते या परड्यांत पूर्वापार महत्त्वाची मानली गेली. राखेने आम्लता काहीशी उतरते आणि पातेऱ्याने मातीला ओल धरण्याची शक्ती येते. किनाऱ्यावर माशांची कुटीही घालतात, पण तिच्या वासाने रानटी जनावरे ओढली जातात अशी तक्रार वाडीत ऐकली.

अशा प्रदेशात भाजीचे दोन हंगाम होतात आणि त्या दोहोंच्या जागाही भिन्न असतात. पावसाळी भाजी घराच्या मागे, परड्यात, चढावर होते, कारण सखल भागात भात उभे असते. भात कापल्यावर त्याच कुणग्यांत उरलेल्या ओलीवर आणि विहिरीच्या पाण्यावर जे पीक घेतात ते वायंगण. मग ते दुसरे भात असो, कुळीथ-चवळी असो, वा तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची असो. गोव्यात पावसाळी पिकाला सरद आणि या दुसऱ्या पिकाला वायंगण म्हणतात. मालवण व वेंगुर्ले या दोन्ही तालुक्यांत वायंगणी नावाची गावे आहेत, त्यांतील मालवणची वायंगणी गावपळणीच्या प्रथेमुळे अनेकांस ठाऊक असेल. पिकाच्या हंगामावरून गावाला नाव पडते, यावरून त्या हंगामाचे महत्त्व कळून यावे. नागरी मराठीत मात्र या शब्दाला प्रतिशब्द नाही. ‘रब्बी’ म्हटल्याने अर्थ पुरता होत नाही, कारण रब्बी हा केवळ काळ सांगतो, वायंगण हा काळ, जागा आणि पाणी ही तिन्ही एकदम सांगतो.

आता जमिनीविषयी थोडेसे. ज्या परड्यात हा मळा झाला त्याच्या सातबाऱ्यावर अनेक नावे होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे मुंबईस होती. सिंधुदुर्गात ही स्थिती सर्वसामान्य आहे. जमीन सर्वांची असते म्हणूनच ती कोणीच कसत नाही. वाडीतील घरांनी मुंबईकरांस दूरध्वनी करून तोंडी संमती मिळविली, आणि ‘भाजी कोणाचीही असो, झाड कायमचे लावावयाचे नाही’ अशी अट मान्य केली. या अटीत व्यवहाराचे मोठे शहाणपण आहे. आंबा वा काजू लावला की कब्ज्याचा प्रश्न उभा राहतो, तवशाच्या वेलाने तो राहत नाही.

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने गावोगावच्या स्थानिक संस्थांवर भाजीसाठी जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी आली. त्या तुकड्यास तेथे ‘अॅलॉटमेंट’ म्हणतात, म्हणजे वाटून दिलेला भाग. त्या शब्दात वाटणी आधी आहे आणि शेजार मागाहून. आपल्या ‘समाईक’ या शब्दात वाटणी मुळीच नाही, आणि म्हणून पहिल्या महिन्यातच वाडीत प्रश्न निघाला की वाफे घरागणिक वाटून घ्यावेत की सगळे मिळून करावेत. तडजोड अशी निघाली की वेल सर्वांचे, पालेभाजीचे वाफे ज्याचे त्याचे. कारण विचारता एका आजींनी सांगितले की वेल कुंपण ओळखत नाहीत. पालेभाजी मात्र उपटून घेतली की संपली, आणि कोणी अधिक उपटली हे रात्रीतून कळत नाही.

मूळ चूक घडली ती बी लावण्याच्या वेळी. तरुण मंडळींपैकी काहीजण शहरातून परतलेले, उत्साही आणि वाचणारे होते. त्यांच्या हाती परसबागेविषयीचे एक छापील माहितीपत्रक होते. गेल्या काही वर्षांत परसबागेस बरेच शासकीय उत्तेजन मिळाले आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शाळांतील पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि राज्यात ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या द्वारे बचतगटांच्या स्त्रियांत परसबागांचा प्रसार झाला. त्यामुळे अशी पत्रके गावोगाव सापडतात. हे पत्रक कोणी काढले हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्यातील एकही वाक्य चुकीचे नव्हते. त्यात लिहिले होते की वेलवर्गीय भाज्यांसाठी आळी करून त्यांत शेणखत घालावे व प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकाव्यात. मंडळींनी त्याप्रमाणे सुबक गोल आळी खणली. मातीचा कठडा बाहेर, खळगा आत, आणि खळग्यात बी.

त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला, म्हणजे नेहमीच्या मानाने दहा-बारा दिवस आधी. त्याच्याही आधी काही दिवस वळवाचा जोर होता. मिरगाचा, म्हणजे मृगनक्षत्राचा, आरंभ ७-८ जूनच्या सुमारास होतो, आणि येथील बियाण्याचे सगळे गणित त्याच्या भोवती बांधलेले असते. आळ्यांत पाणी साठले, कठड्यांनी ते बाहेर जाऊ दिले नाही, आणि चौथ्या दिवशी बी उकरून पाहिले तेव्हा ते कुजून पिठासारखे झाले होते. वाडीतल्या कोणाकडेही तेवढे दुसरे बी नव्हते. त्या बियांत एका घरातील चार-पाच पिढ्यांपासून राखलेल्या मोठ्या तवशाचे बी होते, आणि त्यातले एक मूठभरच मागे उरले होते. आजी तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

‘आळे’ हा शब्द मालवणीतही आहे. परंतु तेथे त्याचा मुख्य संबंध नारळाशी आणि वायंगणाशी आहे. म्हणजे ज्या वेळी पाणी दुर्मिळ असते आणि ते झाडाच्या बुंध्याशी अडवून ठेवावयाचे असते त्या वेळचा तो शब्द आहे. पावसाळी वेलासाठी वाडीतील वृद्ध स्त्रिया जे करतात ते याच्या नेमके उलट असते. पातेरो, शेण आणि माती यांचा हातभर उंचीचा ढीग करावयाचा, माथ्यावर बोटाने भोक पाडून बी घालावयाचे, आणि सभोवार पाणी निघून जाण्यास चर काढावयाचा. या ढिगाला कोणी वरंबो म्हणाले, कोणी नुसतेच ‘माती वडलली’ असे क्रियेने सांगितले, नाम वापरलेच नाही. देशावरच्या कोरड्या मुलखात आळे हा सर्वकाळचा शब्द आहे, कारण तेथे पाणी अडविणे हे सर्वकाळचे काम आहे. कोकणात तो एका हंगामाचा शब्द आहे. पत्रक प्रमाण मराठीत होते आणि प्रमाण मराठीतील हा शब्द देशावरचा अर्थ घेऊन आला. शब्द ओळखीचा होता म्हणूनच कोणी प्रश्न विचारला नाही. अनोळखी शब्द आला असता तर आजींकडे विचारणा झाली असती.

या ठिकाणी बोलीसर्वेक्षणाच्या पद्धतीविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. या बोलीचा अभ्यास नवा नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कुडाळीची नोंद आहे, आणि डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६५ साली ‘कुडाळी’ वर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अलीकडे डेक्कन कॉलेजातून मराठी बोलींचे मोठे सर्वेक्षण झाले आहे. या सर्व परिश्रमांविषयी आदर बाळगूनही असे म्हणता येईल की, प्रश्नावली घेऊन ‘काकडीस काय म्हणता’ असे विचारल्यास काकडीचे नाव मिळते, ‘आळे कधी करीत नाही’ हे मिळत नाही. नकाराचे ज्ञान प्रश्नावलीत येत नाही. ते चूक घडल्यावरच बाहेर पडते.

नावांविषयीही सांगण्याजोगे पुष्कळ आहे. मालवणीत आकारान्त पुल्लिंगी नामे ओकारान्त होतात आणि एकारान्त नपुंसकलिंगी नामे सानुनासिक आकारान्त होतात. म्हणून भोपळो, मुळो, पण वांगां, केळां, तवसां. देशावर ज्याला दोडका म्हणतात ते येथे शिराळां. अर्थात ते पुल्लिंगातून नपुंसकात गेले असे नव्हे, तर शिरा असलेले फळ या अर्थाचा तो वेगळाच शब्द आहे. तवसां हे तर प्राचीन नाव आहे. संस्कृत त्रपुस यापासून ते सरळ आलेले आहे, आणि नागरी मराठीत तवसे हा शब्द मागे पडून काकडी, जी कर्कटीपासून आली, तेवढी उरली. येथे मात्र दोन्ही नांदतात. कोवळी ती काकडी, आणि हातभर लांब, पिकून तांबूस-पिवळे झालेले, ज्याचे धोंडस करतात ते तवसां. पडवळ हा शब्द संस्कृत पटोल यापासून आला, आणि उत्तरेत त्याच शब्दापासून परवल झाला, जी निराळीच भाजी आहे. मिरचीस मिरसांग म्हणतात, म्हणजे मिऱ्याची सांग, मिऱ्याची शेंग. पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेतून आलेल्या या फळास ओळखीच्या मिऱ्यावरून नाव देताना आकाराचीही दखल घेतली गेली, हे या समासात स्पष्ट दिसते. टोमॅटोला जुन्या मराठीत बेलवांगे म्हणत. वाडीत तो शब्द कोणासही ठाऊक नव्हता.

दुसरी पेरणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ढिगांवर झाली. पाऊस आधीच लागला होता, तेव्हा ती मिरगाआधीची म्हणावी की नंतरची असा वाद झाला. एका गृहस्थांनी तो असा मिटविला, ‘मिरग रोहिणीतच पडलो.’ हे वाक्य अभ्यासकाने जपून ठेवण्यासारखे आहे. येथे मिरग हे नक्षत्राचे नाव राहिलेले नाही, तो पेरणीजोगा पहिला पाऊस झाला आहे, आणि म्हणून तो दुसऱ्या नक्षत्रात ‘पडू’ शकतो. ऋतुमान असेच सरकत राहिले तर हा नवा अर्थ मूळ अर्थास मागे टाकील असे वाटते.

वेल जुलैत चढू लागले. त्यांच्यासाठी बांबू आणि सुंभ यांचा जो मांडव केला त्यास वाडीत माटव म्हणतात. खळ्यातील मांडवालाही हाच शब्द आहे. संस्कृत मण्डप यापासून तो निघाला यात शंका नाही, मात्र ण्डच्या जागी ट कसा आला याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नाही. नेहमीचा मराठी विकास मांडव हाच आहे. गणेशचतुर्थीस मूर्तीच्या वर जी चौकट टांगून तीस फळे, भाज्या व रानातील फुले-पाने बांधतात ती माटवी, म्हणजे लहान माटव. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. परड्यात वेल ज्यावर चढतो तो माटव आणि देवाच्या डोक्यावर त्याच वेलाची फळे ज्याला लटकतात ती माटवी, हा संबंध वाडीतील मुलांस समजावून सांगितला तेव्हा ती हसली. त्यांना तो सांगण्याची गरजच नव्हती.

जुलैअखेर वेलास पिवळी फुले आली आणि गळून पडू लागली. तरुण मंडळींनी पुन्हा पत्रक काढले, कीड शोधली, फवारणीची गोष्ट निघाली. तेव्हा आजी म्हणाल्या, ‘मास्तरांनू, पयलां फूल धरणा नाय.’ काकडी, पडवळ, शिराळे या वर्गाच्या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात आणि आरंभी पुष्कळ दिवस बहुधा नर फुलेच येतात, त्यांना फळ धरणार कोठून? वनस्पतिशास्त्राने सांगावयाचे ते आजींनी चार शब्दांत सांगितले. फवारणी झाली असती तर मात्र पुढे परागीकरणास लागणाऱ्या मधमाश्याच गेल्या असत्या.

फळमाशीचा उपद्रव मात्र खरा होता. ती कोवळ्या फळात अंडी घालते व फळ वाकडे होऊन आतून सडते. पडलेली फळे गोळा करून खोल पुरणे आणि क्यू-ल्युअरचे सापळे टांगणे एवढ्यावर भागविले. सापळ्यातून नर माश्या मरतात, म्हणून एका परड्यात लावून फारसे साधत नाही, वाडीतील सर्वांनी लावावे लागतात. माकडांवर कोणताच उपाय चालला नाही, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

२७ ऑगस्टला चतुर्थी होती. माटवीस बांधण्यापुरती तवशी, शिराळी आणि एक पडवळ एवढे निघाले. बाजारातून काही आणावे लागले नाही ही त्या नऊ घरांची मिळकत. उरलेल्या मुठीतील बियांच्या वेलाचे पहिले तवसां कोणी तोडावयाचे यावर पुन्हा बोलाचाली झाली आणि अखेर ते बियांसाठी वेलावरच ठेवण्यात आले.

ऑक्टोबरनंतर भात निघाले आणि मळा खाली, कुणग्यांत उतरला. येथे आळी, पाट, सारणी हे शब्द पुन्हा जागे झाले, आणि पत्रकातील प्रत्येक ओळ आता खरी ठरू लागली. मिरची व वांग्याच्या रोपांस भाताचाच शब्द, तरवो, लावला जातो. पाणी पूर्वी लाटेने काढीत. आडव्या लाकडाच्या एका टोकास दगडांचे वजन, दुसऱ्या टोकास दोरीला कोळंबा, आणि उभा माणूस त्याला खाली दाबून विहिरीत बुडवी. आता पंप आहे. लाट गेली तसे तिच्या अवयवांची नावेही गेली. वाडीत सत्तरीपुढील दोनच माणसांनी ती सांगितली, त्यांतही एका भागाच्या नावावर त्यांचे एकमत झाले नाही. शिपणे हे क्रियापद मात्र टिकले आहे. पंप चालू करूनही ‘परड्यात शिपूक गेलंय’ असेच म्हणतात. पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून विहिरीपाशी लावल्या होत्या. डिसेंबरात त्या नीट पाळल्या गेल्या, मार्चात नाही. एप्रिलात पाणी मचूळ झाले. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे असे होतेच. मिरची सुकली, तांबडी भाजी काही आठवडे आणखी टिकली.

वाणांविषयी एक टीप द्यावयास हवी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले, कोकणासाठी पडवळाचा ‘कोकण श्वेता’, कारल्याचा ‘कोकण तारा’, दोडक्याचा ‘कोकण हरिता’ असे वाण काढलेले आहेत आणि त्यांचे बी पुढील वर्षी राखता येते. दुकानातील संकरित बियांचे तसे नाही. त्यांच्या फळातील बी लावल्यास झाड मूळ गुणाचे येत नाही. वाडीत ‘पाकिटाचा बी’ आणि ‘घरचा बी’ असा भेद करतात, आणि पाकिटाच्या बियांतून निघालेले बी कोणी राखीत नाही. संकरण हा शब्द ठाऊक नसताही त्याचा परिणाम नेमका ठाऊक आहे.

वेलावर राखलेले ते तवसां सप्टेंबरअखेर पूर्ण पिकल्यावर काढले. बिया धुऊन, राखेत घोळून, शेणाच्या गोळ्यात थापून आजींनी तो गोळा स्वयंपाकघराच्या भिंतीला, चुलीच्या धुराच्या वाटेवर चिकटवला. या थापण्याच्या क्रियेला त्यांनी जे क्रियापद वापरले ते लेखकाच्या टिपणवहीत तीन निरनिराळ्या रूपांत लिहिले गेले आहे, आणि त्यांतील कोणते बरोबर हे पुढच्या मिरगाआधी पुन्हा जाऊन विचारावयाचे आहे.